‘घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं होतं का?’ : पक्षाघाताचा कौटुंबिक इतिहास आणि वंशागणिक फरक

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात चाळिशीनंतरच्या आरोग्य तपासणीसाठी दक्षिण लंडनमधल्या आमच्या भागातल्या दवाखान्यात गेले होते. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ या वयात, आधीपासून हृदयविकार किंवा मधुमेहासारखे निदान झालेले नसेल, तर दर पाच वर्षांनी ही तपासणी सरकारी खर्चाने होते. परिचारिकेने रक्तदाब घेतला, वजन-उंची नोंदली आणि संगणकावरचे रकाने भरायला सुरुवात केली. वंशगटाच्या रकान्यात ‘भारतीय’ हा पर्याय स्वतंत्र आहे. पाकिस्तानी, बांगलादेशी, चिनी, कृष्णवर्णीय कॅरिबियन आणि कृष्णवर्णीय आफ्रिकी हेही स्वतंत्र आहेत. पुढचा प्रश्न असा होता, की आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हृदयविकार झाला आहे का. मी नाही म्हणाले. पक्षाघाताच्या कौटुंबिक इतिहासाचा प्रश्न आलाच नाही. वास्तविक या रकान्यांतून शेवटी जो आकडा निघतो, तो येत्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याच्या शक्यतेचा असतो.

माझ्या आजोबांच्या अंगावरून वारं गेलं होतं, हे मी आपणहून सांगायला गेले आणि तिथेच अडखळले. आमच्या घरात त्या आजाराला दुसरे नावच नव्हते, आणि ‘स्ट्रोक’ म्हणावे तर तसे निदान वाईला त्या काळी कुणी केलेही नव्हते. शेवटी ‘बहुधा स्ट्रोक असावा’ असे म्हणाले, तेव्हा आजोबा पहिल्या नात्यात धरत नाहीत असे तिने सौम्यपणे सांगितले आणि पुढचा रकाना उघडला.

संध्याकाळी शेजारच्या बाईंशी हा विषय निघाला. त्यांचे आईवडील १९६०च्या सुमारास जमैकाहून इथे आले. त्यांच्या आईला आणि थोरल्या भावाला पक्षाघात झाला होता. ‘आमच्या रक्तातच आहे ते,’ असे त्या अगदी सहज म्हणाल्या. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतो आहे. वेगवेगळ्या वंशगटांत पक्षाघाताचे प्रमाण वेगळे असते हे वाचनात आले आहे. पण घराण्यातल्या पक्षाघाताचे ओझे वंशागणिक वेगळे असते, याचा नेमका अर्थ काय? ते रक्तातून येते, स्वयंपाकघरातून येते, की केवळ विचारण्या-सांगण्यातला फरक आहे? इथल्या जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

मज्जासंस्था

कृष्णाकाठ ताई, मी पुण्यात मेंदूविकारांचे रुग्ण पाहतो. ‘वारं गेलं’ हे शब्द माझ्या बाह्यरुग्ण विभागात दर आठवड्याला ऐकू येतात, आणि त्यांचा अर्थ पक्षाघात असतोच असे नाही. चेहऱ्याची नस सुजून तोंड एका बाजूला वाकडे होते, त्यालाही लोक हेच म्हणतात. त्या आजारात त्या बाजूचा डोळा मिटत नाही, कपाळावर आठी पडत नाही, मात्र हातपाय शाबूत असतात आणि बहुतेकांचे तोंड काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा सरळ होते. उलट, ‘वडील ॲटॅकने गेले’ असे सांगणाऱ्या काही कुटुंबांत खोलात विचारल्यावर मेंदूतला रक्तस्राव निघतो. म्हणून मी आजाराचे नाव विचारत नाही. ‘हात उचलता येत होता का, बोलणे गेले होते का, नंतर घास कोणत्या हाताने घेत होते,’ असे विचारतो. जेवणाचा हात घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात राहतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पक्षाघात हा एक आजार नाही. रक्तवाहिनी बंद पडून होणारा आणि रक्तवाहिनी फुटून होणारा, असे त्याचे दोन ठळक प्रकार. बंद पडण्यातही मानेतली मोठी धमनी चोंदणे, कवटीच्या आतली धमनी अरुंद होणे, मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या बारीक वाहिन्या खराब होणे आणि हृदयातून गुठळी सुटून येणे, या निरनिराळ्या वाटा आहेत. वंशागणिक फरक इथे स्पष्ट दिसतो. युरोपीय वंशाच्या लोकांत मानेतल्या धमनीचा दोष तुलनेने जास्त आढळतो. चिनी, जपानी, भारतीय आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत कवटीच्या आतल्या धमन्या अधिक अरुंद झालेल्या दिसतात. त्यामुळे दोन घराण्यांच्या कागदावर ‘पक्षाघात’ हाच शब्द असला, तरी आत चाललेली गोष्ट वेगळी असू शकते, आणि तिचा वारसाही वेगळा असतो.

वारसा आहे हे मात्र निश्चित. जुळ्यांच्या अभ्यासांत एका भावंडाला पक्षाघात झाला असता दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत द्विबीज जुळ्यांपेक्षा जास्त आढळले आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासात, आई किंवा वडिलांना वयाच्या ६५ वर्षांपर्यंत पक्षाघात झाला असेल तर मुलांचा धोका सुमारे तिपटीने वाढलेला दिसला. त्यातले ‘६५ वर्षांपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फ्रेमिंगहॅमचे लोक जवळजवळ सगळे गोरे होते, हेही लक्षात ठेवावे.

तुमच्या संगणकाने तो प्रश्न का गाळला असावा, याबद्दल माझे मत सांगतो. आईवडिलांकडून येणारा धोका बहुतांशी रक्तदाब, साखर, चरबी आणि हृदयाची अनियमित लय यांच्याच अंगरख्यात येतो, आणि हे सगळे त्या रकान्यांत आधीच मोजलेले असते. तरीही दवाखान्यात मी तो प्रश्न विचारतो. कारण ज्याच्या वडिलांना झटका आला होता, तो माणूस गोळ्या जरा अधिक नेमाने घेतो.

संख्यायन

मी संख्याशास्त्राचा माणूस असून बारा वर्षे अमेरिकेच्या अलाबामा राज्यात राहतो. पक्षाघाताचे प्रमाण जास्त असल्याने तिथल्या ज्या आग्नेयेकडच्या पट्ट्याला ‘स्ट्रोक बेल्ट’ म्हणतात, त्याच्या पोटात अलाबामा येते. इथल्या बर्मिंगहॅमच्या विद्यापीठातून २००३ साली सुरू झालेल्या ‘रिगार्ड्स’ या अभ्यासात ४५ वर्षांवरील तीस हजारांहून अधिक गोरे आणि कृष्णवर्णीय लोक घेतले गेले. त्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा असा, की ४५ ते ५४ या वयोगटात कृष्णवर्णीयांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे चौपट होते, आणि ८५ वर्षांनंतर तो फरक उरलाच नाही. टेक्सासच्या न्यूएसेस काउंटीमध्ये मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांबाबत हेच दिसले : ४५ ते ५९ या वयात सुमारे दुप्पट आणि पंचाहत्तरीनंतर जवळजवळ सारखे. ताई, तुमच्याच लॅम्बेथ आणि सदर्क भागांत १९९५ पासून पक्षाघाताची नोंदवही ठेवली जाते. तिथेही कृष्णवर्णीयांना पहिला झटका गोऱ्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी येतो असे आढळले.

म्हणजे वंशागणिक फरक मुख्यतः वयाचा आहे. आता ‘घरात कुणाला झटका आला होता का’ हा प्रश्न पाहा. ज्याची आई ८८व्या वर्षी गेली त्याचेही उत्तर ‘हो’, आणि ज्याच्या आईचा हात ४९व्या वर्षी लुळा पडला त्याचेही उत्तर ‘हो’. जिथे खरा फरक आहे, नेमका तिथेच हा प्रश्न आंधळा आहे.

दुसरी अडचण भावंडांच्या संख्येची. उदाहरणापुरते धरा, की प्रत्येक भावंडाला झटका येण्याची शक्यता शंभरात पाच आहे. दोन भावंडे असतील तर त्यांपैकी निदान एकाला झटका येण्याची शक्यता सुमारे १० टक्के होते. सात भावंडे असतील तर तीच ३० टक्क्यांवर जाते. धोका तसूभरही वाढलेला नाही, फक्त कुटुंब मोठे आहे. ज्या समाजात कुटुंबे मोठी, त्याच्या कागदावर ‘घराण्यात पक्षाघात’ अधिक दिसणारच. याच्या उलट दिशेने ओढणारी गोष्ट म्हणजे अल्पायुष्य. ज्याचे वडील चाळिशीत क्षयाने गेले, त्यांना पक्षाघात व्हायला वेळच मिळाला नाही. त्यात स्थलांतराची भर घाला : १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनला आलेल्या पिढीचे आईवडील मागेच राहिले, आणि तिकडचे आजारपण इकडे पत्रातून जेवढे कळले तेवढेच.

या सगळ्यांतून गाळून जे उरते ते पाहिले, तर चित्र शांत होते. अमेरिकेतल्या ‘फॅमिली हार्ट स्टडी’ने १९९७ साली गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अशा दोन्ही कुटुंबांचा विचार केला होता. वडिलांना पक्षाघात झालेला असेल तर धोका सुमारे दुप्पट, आणि हे नाते दोन्ही गटांत सारख्याच धर्तीचे. म्हणजे कौटुंबिक इतिहास काळ्यांना जास्त भोवतो आणि गोऱ्यांना कमी, असे दिसत नाही.

रोखठोक

वरची माहिती चांगली आहे, पण थोडी आडवळणाची वाटते. ८५व्या वर्षी फरक नाही आणि ४५व्या वर्षी चौपट, तर हे जनुकांचेच काम असणार. जनुकांचे आजार लवकर उफाळतात, असे आपण शाळेपासून ऐकतो. आमच्या घराण्यात तीन पिढ्या रक्तदाब आहे, आहार शुद्ध शाकाहारी आहे, कुणी तंबाखूला शिवले नाही. त्याचे स्पष्टीकरण रक्ताशिवाय दुसरे कोणते देणार? आणि सगळे राहणीमानावरच असेल, तर कौटुंबिक इतिहास विचारायचा तरी कशाला?

संख्यायन

रोखठोक, तुमच्या घरात रक्तदाबाचा वारसा आहे हे मी मुळीच नाकारत नाही. पण कुटुंबात जनुकांखेरीज मिठाचा डबाही वारशाने येतो, आणि शाकाहारी घरात लोणचे-पापड नसतात असे माझ्या तरी पाहण्यात नाही.

‘रिगार्ड्स’मध्ये रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांसारखी नेहमीची कारणे आणि उत्पन्न-शिक्षण हिशेबात घेतल्यावर वांशिक फरकाचा साधारण निम्मा भाग उलगडला. उरलेल्या निम्म्याला घाईने ‘जनुके’ असे नाव देण्याचा मोह होतो. परंतु त्याच अभ्यासाने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे वरच्या रक्तदाबात १० अंकांची वाढ झाली, तर पक्षाघाताचा धोका गोऱ्यांमध्ये ८ टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीयांमध्ये २४ टक्क्यांनी वाढला. तेवढाच रक्तदाब, पण परिणाम तिप्पट. तो किती वर्षांपासून वाढलेला होता आणि कधीपासून औषधाखाली होता, हे एका मोजणीत उमटत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. १३ ते १८ या वयात जो माणूस त्या आग्नेय पट्ट्यात राहिला, त्याचा धोका पुढे तो कुठेही राहायला गेला तरी काहीसा वाढलेलाच राहिला. पौगंडावस्थेतले गाव माणसाबरोबर म्हातारपणापर्यंत येते, आणि सख्ख्या भावंडांचे गाव तर एकच असते.

जाता जाता : इथल्या हृदयरोग संघटनेने २०२३ साली धोका मोजण्याचे नवे सूत्र काढले आणि त्यातून वंशाचा रकाना काढून टाकला. २०१३च्या जुन्या सूत्रात तो होता. तुमच्या ब्रिटनमध्ये मात्र तो अजून आहे. दोन्हीकडचे लोक विचारी आहेत. वंश ही जीवशास्त्रीय वस्तू मानायची की राहणीमानाची खूण, यावर त्यांचे एकमत नाही.

ओसाकाकर

मी अठरा वर्षे जपानमध्ये आहे. रोखठोक यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी या देशासारखे दुसरे उदाहरण सापडणार नाही. कारण दोन्ही बाजूंचे पुरावे इथे एकाच ठिकाणी मिळतात.

आधी राहणीची बाजू. १९५१ पासून १९८० पर्यंत पक्षाघात हे जपानमधल्या मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. उत्तरेकडच्या अकिता भागात १९५०च्या दशकात माणशी मीठ दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास पोटात जात असे. आज जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा असे सांगते. थंडीचे महिने, मिठात मुरवलेल्या भाज्या, खारवलेले मासे, मिसोचे सूप, असा तो आहार होता. १९६५च्या सुमारास हिरोशिमा-नागासाकी, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन ठिकाणच्या जपानी पुरुषांची तुलना सुरू झाली. वंश एक, देश वेगळे. हवाईमध्ये गेलेल्यांत पक्षाघात जपानपेक्षा कितीतरी कमी झाला, आणि जपानकडून अमेरिकेकडे सरकावे तसा हृदयविकार वाढत गेला. एका पिढीच्या अंतरात घराण्याचा आजार बदलला. पुढे जपाननेही मीठ कमी केले, गावोगाव रक्तदाब तपासले, आणि पक्षाघाताचे मृत्यू प्रचंड प्रमाणात खाली आले. जनुके तीच होती.

आता दुसरी बाजू. मोयामोया नावाचा एक आजार आहे. मेंदूच्या बुडाशी असलेल्या मुख्य धमन्या हळूहळू बंद होतात आणि त्यांच्याभोवती बारीक वाहिन्यांचे जाळे उगवते. क्ष-किरणात ते धुराच्या लोटासारखे दिसते, म्हणून १९६९ साली इथल्या डॉक्टरांनी त्याला हे जपानी नाव दिले. लहान मुलांना गरम नूडल्स फुंकून खाताना किंवा रडताना हात लुळा पडतो. कारण जोरजोरात श्वास सोडल्याने मेंदूतल्या वाहिन्या आकसतात. मुलाच्या हातातून चॉपस्टिक गळून पडल्या म्हणून आईने डॉक्टरांकडे नेले, अशा कथा इथल्या पालकांकडून मी ऐकल्या आहेत. आरएनएफ२१३ या जनुकातला एक बदल त्याच्या मुळाशी आहे, हे २०११ साली कळले. जपानमध्ये शंभरात एक-दोन माणसे तो बदल बाळगतात, मात्र त्यांतल्या फारच थोड्यांना आजार होतो. युरोपीय वंशाच्या लोकांत तो जवळपास नाहीच. इथे कौटुंबिक इतिहासाला खराखुरा वांशिक अर्थ आहे, आणि असा अर्थ असतो तेव्हा त्याला जनुकाचे नाव देता येते.

मज्जासंस्था

ओसाकाकरांनी फार नेमके लिहिले. त्याच जातीचे आणखी एक उदाहरण म्हणजे नॉच३ या जनुकातल्या बिघाडाने होणारा, बारीक वाहिन्यांचा आनुवंशिक आजार. हे जनुक १९९६ साली सापडले. आधी अर्धशिशी, मग चाळिशी-पन्नाशीत छोटे छोटे झटके, पुढे विस्मरण, असा त्याचा क्रम असतो. जगभर तो दुर्मीळ समजला जातो. पण तैवानमध्ये आणि कोरियाच्या जेजू बेटावर त्यातला एक विशिष्ट बदल बऱ्यापैकी आढळतो. असे एकाच जनुकाचे आजार सगळ्या पक्षाघातांचा छोटासा भाग आहेत. बाकीच्यांत शेकडो जनुकांचा प्रत्येकी कणभर वाटा असतो. २०२२ साली जगभरातले सुमारे १ लाख १० हजार रुग्ण घेऊन जो मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पक्षाघाताशी जोडलेली ८९ जनुकीय ठिकाणे सापडली. त्यातले सुमारे एक तृतीयांश रुग्ण युरोपीय नसलेल्या वंशांचे होते. त्याआधीचे बहुतेक काम युरोपीय रक्तावरच झाले होते, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी विसरू नये.

आपल्याकडचे थोडे सांगतो. मुंबईत २००५-०६ मध्ये ठराविक वस्तीतल्या पहिल्या झटक्यांची मोजणी झाली, तेव्हा दर लाखामागे वर्षाला १४५ असे प्रमाण निघाले. भारतीय रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा साधारण दहा वर्षांनी लहान असतात, हा आम्हा सर्वांचा रोजचा अनुभव आहे. रोखठोक यांनी शाकाहाराचा मुद्दा काढला आहे, त्यांच्यासाठी पुण्याचेच एक छायाचित्र आठवते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक नसतो. यामागे जनुके आहेत, आईच्या पोटातले पोषण आहे आणि व्यायामाचा अभावही आहे. याशिवाय लायपोप्रोटीन-ए नावाचा एक चरबीकण बहुतांशी वारशानेच ठरतो आणि भारतीय व आफ्रिकी वंशात तो सरासरीने अधिक असतो. रोखठोक, घरात तंबाखू नाही, आहार नेमका आहे आणि तरीही लवकर झटके आले असतील, तर ही रक्तचाचणी आयुष्यात एकदा जरूर करून घ्यावी.

आणि कौटुंबिक इतिहास विचारायचा कशाला, याचे उत्तर बत्तीस देशांतल्या सुमारे सत्तावीस हजार लोकांच्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासाने २०१६ साली आडून दिले आहे. जवळपास ९० टक्के पक्षाघातांमागे बदलता येण्याजोगी दहा कारणे असतात आणि त्यांत रक्तदाब सर्वत्र पहिला असतो. इतिहास विचारायचा तो कोणाचा रक्तदाब तिशीतच मोजायचा, हे ठरवण्यासाठी.

वैनगंगा

मी चंद्रपूर जिल्ह्यात आरोग्य कार्यकर्ती आहे. इथे सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा, उल्लेख अजून कुणी केला नाही, म्हणून लिहिते. कारण कौटुंबिक इतिहासाचा प्रश्न जितका इथे फसतो, तितका क्वचितच कुठे फसत असेल.

सिकलसेलचा रुग्ण म्हणजे आई आणि वडील दोघांकडून तो जनुक मिळालेले मूल. आईवडील स्वतः वाहक असतात, म्हणजे त्यांना तो जनुक एकाच बाजूने मिळालेला असतो; ते ठणठणीत असतात, शेतात राबतात. त्यांच्या घरात ‘कुणाला लकवा होता का’ असे विचारले तर ‘नाही’ हेच खरे उत्तर. आणि त्याच घरात सात वर्षांचा मुलगा एका सकाळी उठून चप्पल घालायला वाकतो आणि उजवा पाय चपलेत शिरतच नाही. गेल्या वर्षी हे मी स्वतः पाहिले. आईला वाटले की झोपेत पाय मुंगला असेल; तिने तो चोळत दुपार केली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांच्या जुन्या नोंदींत, विसाव्या वर्षापर्यंत दर शंभर सिकलसेल रुग्णांपैकी सुमारे ११ जणांना पक्षाघात झालेला होता. मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग डोक्याच्या बाहेरून सोनोग्राफीसारख्या यंत्राने मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर नियमित रक्त देऊन पहिला झटका नव्वद टक्क्यांहून अधिक टाळता येतो, हे १९९८ सालीच सिद्ध झाले. आमच्याकडे ते यंत्र गाठायचे तर नागपूरला जावे लागते.

भारतात सिकलसेल प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात सापडला. आपल्याकडे विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली या पट्ट्यांत तो आदिवासींमध्ये आहे आणि इतर समाजांतही आहे. आपल्याकडचा प्रकार सौम्य असतो असे पूर्वी सरसकट सांगितले जाई, कारण आपल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही अधिक राहते. विदर्भातली मुले पाहिल्यावर मला त्या वाक्यावर विश्वास ठेवता येत नाही. एक खुलासाही करते : नुसते वाहक असल्याने पक्षाघाताचा धोका वाढत नाही, हे आफ्रिकन अमेरिकनांच्या २०१८च्या एकत्रित अभ्यासात स्पष्ट झाले आहे. वाहकांनी घाबरू नये. लग्नाआधी एकमेकांचे सिकलसेल तपासणीचे कार्ड मात्र पाहावे. आम्ही इथे घरातल्या लकव्याविषयी विचारत नाही. ‘लहानपणी गेलेले मूल होते का, आणि ते कशाने गेले’ असे विचारतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वैनगंगा ताई, तुमचा चपलेचा प्रसंग वाचून बराच वेळ काही सुचले नाही.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाईला आत्याला दूरध्वनी केला आणि आजाराचे नाव न घेता विचारले. तिला सगळे लख्ख आठवते. आजोबा ओसरीवर दाढी करत होते, वस्तरा उजव्या हातातून निसटून पाटावर पडला, त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला आणि हात आलाच नाही. बोलणे गेले, पुढे महिनाभर ते फक्त ‘हो’ म्हणत, नाही म्हणायचे असले तरी ‘हो’ म्हणत. शेवटपर्यंत डाव्या हाताने जेवले आणि त्याची त्यांना लाज वाटत असे, म्हणून पंगतीला बसत नसत. साल कोणते, यावर ती म्हणाली, ‘दुष्काळाचं. माझ्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात.’ म्हणजे १९७२. आजोबा प्राथमिक शिक्षक होते, त्यामुळे जन्मतारीख निवृत्तिवेतनाच्या कागदावर आहे : १९२०. इतकी वर्षे मी त्यांना म्हातारपणी वारं गेलेले समजत होते. ते बावन्न वर्षांचे होते.

आजोबांची सख्खी भावंडे सात होती, त्यांपैकी तिघे लहानपणीच गेली आणि एक बहीण बाळंतपणात. संख्यायन यांचे गणित मला तेव्हा खरे समजले. बाबांचा रक्तदाब एकेचाळिसाव्या वर्षी सापडला. ते आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, रोज सकाळी गोळी घेतात आणि त्यांना झटका आलेला नाही. माझ्या रकान्यातले ‘नाही’ हे उत्तर त्यामुळे बरोबरच आहे.

शेजारच्या बाईंनाही वये विचारली. आईला ५४व्या वर्षी आणि भावाला ४९व्या वर्षी. आजी-आजोबांचे त्यांना काहीच ठाऊक नाही. ते किंग्स्टनलाच राहिले.

संख्यायन

तुमच्या बाबांची गोळी हा या धाग्यातला मला सर्वांत महत्त्वाचा तपशील वाटतो. जिथे औषध वेळेवर पोहोचते, तिथे पुढच्या पिढीच्या कागदावरून घराण्याचा इतिहास पुसला जातो. जिथे पोहोचत नाही, तिथे तो तसाच राहतो. मग दोन समाजांची तुलना करणारा म्हणतो, की एका समाजाच्या रक्तात पक्षाघात अधिक आहे. एक विनंती : तुमच्या भावंडांना पाठवाल त्या यादीत ‘झटका आला की नाही’ याच्या शेजारी ‘रक्तदाब कोणत्या वर्षी सापडला’ हाही रकाना ठेवा.

कृष्णाकाठ

रकाना वाढवला. आज सकाळी आत्याचा पुन्हा दूरध्वनी आला. धाकट्या काकांच्या अंगावरून वारं गेलं होतं असे तिने परवा सांगितले होते आणि मी ते यादीत घातले होते. आता तिला आठवले, की त्यांचे हातपाय चांगले होते, फक्त तोंड वाकडे झाले होते आणि डावा डोळा मिटत नसे. झोपताना आजी त्यावर ओला रुमाल बांधत असे, आणि दिवाळीपर्यंत तोंड सरळ झाले होते. यादीतून त्यांचे नाव काढले आहे.